उकळलं म्हणजे निर्धोक झालं का? मोठ्या स्वयंपाकातल्या जंतूंविषयी वाचकांचे प्रश्न

मेस, भोजनालयं, बचत गट आणि उत्सव मंडळं यांच्याकडून आम्ही जेवणातून होणाऱ्या विषबाधेविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत एक समज पुन्हा पुन्हा दिसला: पदार्थ खळखळून उकळला की जंतूंचा विषय संपला. तो तिथे संपत नाही. म्हणूनच पुढची बहुतेक उत्तरं चूल बंद झाल्यानंतरच्या तासांविषयी आहेत.

प्रश्न: माझी ४० मुलांची मेस आहे. रात्री उरलेला भात पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवतो आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात करतो. गेल्या महिन्यात नाश्ता करून दोन तास होत नाहीत तोच नऊ मुलांना उलट्या सुरू झाल्या. भात चांगला वाफाळेपर्यंत परतला होता, वासही येत नव्हता. मग बिघडलं काय? (मेसचालक, पुणे)

तुम्ही दिलेल्या वेळा पाहता पहिला संशय बॅसिलस सिरियस या जिवाणूवर जातो. हा मुळात मातीतला आणि तांदळासोबत घरात येतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती कवच करून बीजाणूच्या रूपात राहतो. भात शिजताना साधे जिवाणू मरतात, पण हे बीजाणू मरत नाहीत. उलट त्या उष्णतेने ते जागे होतात. पातेल्यातला भात हळूहळू कोमट होतो. त्यात ओलावा आणि पिष्ट भरपूर असतं आणि वाटेकरी जंतू शिजतानाच गेलेले असतात. रात्रभरात बीजाणू उगवतात, वाढतात आणि भातात सिरुलाइड नावाचं विष सोडतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. सकाळी कढईत तुम्ही जिवाणू मारलेत, पण विष होतं तसंच राहिलं. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या, ही त्याची नेहमीची खूण.

वास आला नाही म्हणजे अन्न चांगलं, असं धरू नका. आंबूस वास, बुळबुळीतपणा, तार सुटणं हे अन्न नासवणाऱ्या जंतूंचं काम. आजारी पाडणारे जंतू पुष्कळदा रंग, वास, चव काहीच बदलत नाहीत.

आता उपाय. शिजलेल्या अन्नासाठी ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा. अन्न एकतर ६० च्या वर गरम ठेवायचं, नाहीतर ५ च्या खाली गार. मधला प्रवास जितका झटपट, तितकं बरं. खाद्यव्यवसायात त्यासाठी वापरला जाणारा एक नियम असा: ६० वरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास जास्त कडक आहेत, कारण जंतू सर्वांत जोमाने वाढतात ते त्याच टप्प्यात.

पातेल्यातला भात हे वेळापत्रक पाळूच शकत नाही. थराची जाडी दुप्पट केली की मध्यभाग निवायला साधारण चौपट वेळ लागतो. ५ सेंटिमीटरचा थर पाऊण तासात निवत असेल, तर २० सेंटिमीटरच्या थराला ढोबळ हिशेबाने सोळापट, म्हणजे बारा तास लागतील. वरून हात लावला तर गार, मध्ये सकाळपर्यंत कोमट, असा तो भात असतो.

म्हणून शेवटचं ताट वाढून झाल्यावर लगेच भात स्वच्छ पराती किंवा ट्रेमध्ये पसरा. थर दोन इंचांहून जाड नको. पंख्याखाली ठेवा आणि मधून एकदा उलथन्याने सैल करा. वाफ थांबली की उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. डबे एकमेकांवर रचू नका आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण किंचित तिरपं राहू द्या. गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवू नये हे दहा लिटरच्या पातेल्याबद्दल खरं आहे, कारण त्याने आतलं दूधही तापतं. पसरट डब्यातल्या कोमट भाताला मात्र हा नियम लावून तो बाहेर ताटकळत ठेवू नका. दुसऱ्या दिवशी तो एकदाच, आतपर्यंत ७५ अंश होईल असा गरम करा आणि त्यातूनही उरला तर टाकून द्या. फ्रीजमध्ये जागा नसेल तर उरलेला भात वापरायचाच नाही. त्याला दुसरा मार्ग नाही.

आणखी एक करा. रोज किती भात उरतो ते दोन आठवडे वजन करून लिहून ठेवा. बहुतेक मेसमध्ये वारानुसार ठरावीक भात उरतो. तेवढे तांदूळ कमी टाकले की प्रश्न मुळातच लहान होतो.

प्रश्न: आमच्या गावात सप्ताहाच्या सांगतेला दीड-दोन हजार माणसांचा महाप्रसाद असतो. आचारी पहाटे चारला चुली पेटवतात, सातपर्यंत भाजी तयार होते आणि काल्याचं कीर्तन संपून पंगती बसायला एक वाजतो. मागच्या वर्षी मध्यरात्रीपासून अनेकांना पोटात कळा आणि जुलाब झाले. उलट्या फारशा नव्हत्या. पाण्यामुळे झालं असं सगळे म्हणतात. पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी? (उत्सव समिती सदस्य, परभणी जिल्हा)

पाण्याची शंका रास्त आहे आणि ते तपासायलाच हवं. पण दुपारी एकचं जेवण, मध्यरात्री कळा आणि जुलाब, उलट्या कमी, हे वर्णन क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूशी तंतोतंत जुळतं. जेवल्यापासून ८ ते १६ तासांनी तो त्रास देतो आणि बहुतेकांना एका दिवसात आराम पडतो. मोठ्या भांड्यांतला स्वयंपाक हे त्याचं आवडतं ठिकाण. त्याचे बीजाणू भाज्यांवरच्या मातीतून, मसाल्यांतून, मांसातून येतात. त्याला प्राणवायू चालत नाही. भाजी उकळताना तिच्यातली हवा निघून जाते, म्हणजे दाट रश्शाच्या पोटात त्याला हवी तशी जागा आपणच करून देतो. ४३ ते ४७ अंशांना तो सर्वांत वेगाने वाढतो. परिस्थिती जमली तर दर दहा मिनिटांनी दुप्पट. ग्रॅममागे १०० जंतूंपासून सुरुवात झाली तर अडीच तासांत ते ३२ लाखांच्या वर जातात. इतके जंतू पोटात गेले की ते आतड्यात विष तयार करतात.

तुमच्या वेळापत्रकात सात ते एक हे सहा तास मोकळे आहेत. विस्तव काढून घेतलेली मोठी कढई पहिला तास-दीड तास चांगली तापलेली राहते. नंतर ती ५० अंशांच्या खाली येते आणि तिथेच रेंगाळते. ताटात पडलेली भाजी माणसाला "गरम" वाटते ती याच तापमानाला, त्यामुळे वाढपी आणि जेवणारे दोघंही निश्चिंत असतात.

सर्वांत मोठा फरक वेळापत्रक उलटं केल्याने पडेल. बुंदी, शेव, पुऱ्या यांसारखे तळलेले, कोरडे जिन्नस आदल्या दिवशी किंवा पहाटे करा. कोरड्या पदार्थात जंतू वाढत नाहीत. वरण, भाजी, आमटी, भात हे ओले पदार्थ शेवटी घ्या, पहिल्या पंगतीच्या आधी दीड-दोन तासांत तयार होतील असे. पाचशे लोकांची भाजी एका वेळी करा. पहिली पंगत बसली की दुसरी कढई चढवा. आचाऱ्यांना दगदग वाटेल, पण दोन हजार लोकांची भाजी सहा तास सांभाळण्यापेक्षा चार वेळा ताजी करणं सोपं आहे. हे ठरवायचं तर कीर्तनाची सांगता किती वाजता होणार याची नक्की वेळ आचाऱ्याला आदल्या दिवशी कळली पाहिजे. समितीने घ्यायचा सर्वांत मोलाचा निर्णय हाच आहे, असं आम्हाला वाटतं.

भाजी थांबवून ठेवावीच लागली तर खाली मंद विस्तव ठेवा, झाकण ठेवा आणि दर अर्ध्या तासाने तळापासून ढवळून मध्यभागाचं तापमान मोजा. ६० च्या खाली गेली तर लगेच उकळी आणा. दोन तासांहून जास्त वेळ कोमट पडलेली भाजी मात्र उकळून वाढू नका, कारण तोपर्यंत त्यात दुसऱ्या एखाद्या जंतूचं न मोडणारं विष तयार झालेलं असू शकतं. आधीच्या कढईतला तळ नव्या भाजीत मिसळायचा नाही. त्याने ताज्या भाजीला जुन्याचं विरजण लागतं.

प्रत्येक पदार्थाचा पाव किलो नमुना उकळत्या पाण्याने धुतलेल्या डब्यात काढा, त्यावर वेळ लिहा आणि फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवा. काही झालंच तर उरलेलं अन्न घाईघाईने पुरून टाकू नका. कोण किती वाजता जेवलं, काय खाल्लं, पहिलं लक्षण किती वाजता आणि कोणतं, ही यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. दोन तासांत उलट्या आणि बारा तासांनी जुलाब यांची कारणं वेगळी असतात. ती शोधायला या नोंदींइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

सांगता एकादशीला येत असेल तर भगरीविषयीही सावध राहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाणा इथे सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो जणांना विषबाधा झाली. अशा प्रकारांत भगरीवरच्या बुरशीचं विष हे एक कारण असतं. दमट जागी साठवलेल्या भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी येते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. तयार पीठ घेतलं तर बुरशी डोळ्यांना दिसत नाही, शिवाय पीठ ओलावा लवकर धरतं. सुटी भगर आणि भगरीचं पीठ टाळा. पाकीटबंद, तारीख असलेली अख्खी भगर घ्या, ती निवडून धुवा, दळायची तर लागेल तेवढीच त्याच दिवशी दळा आणि शिजवलेली भगर दोन तासांत संपवा.

प्रश्न: आमचा बचत गट पेढे आणि बर्फी करतो. खवा आम्ही पुन्हा चांगला भाजून घेतो, सगळ्या जणी आंघोळ करून, डोक्याला रुमाल बांधून बसतो. तरी एका कार्यक्रमात पेढे खाल्लेल्या काहींना तीन तासांत मळमळ आणि उलट्या झाल्या. चूक कुठे झाली असेल? (बचत गट अध्यक्ष, सातारा जिल्हा)

भाजताना नव्हे, वळताना झाली असण्याची शक्यता जास्त. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू साधारण दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात कायम असतो आणि त्या माणसाला त्याचा काही त्रासही नसतो. फोड, चिरा, पिकलेलं नखुरडं यांत तो कोट्यवधींनी असतो. हात धुतले, मग एकदा नाक पुसलं, पदर सारखा केला, पुन्हा पेढा वळला, एवढं त्याला पुरतं. मीठ किंवा साखर जास्त असलेल्या पदार्थात इतर बरेच जंतू माघार घेतात, पण हा तग धरतो. पदार्थात त्याची संख्या ग्रॅममागे लाखाच्या पुढे गेली की विष पुरेसं तयार होतं. हे विषही उष्णतेने जात नाही. तुमच्या पत्रातली तीन तासांची वेळ त्याच्याशी जुळते.

यातून दुसरी गोष्ट निघते. बाजारातून आणलेला खवाच जर दिवसभर उन्हात फिरला असेल तर विष त्यात आधीच असू शकतं आणि तुमच्या भाजण्याने ते जाणार नाही. खवा पहाटे घ्या, बर्फ घातलेल्या पेटीतून आणा आणि दोन तासांत भट्टीवर चढवा. शक्य असेल तर दूध घेऊन स्वतःच आटवा.

हातमोजे वापरत असाल तर ते हाताइतकेच घाण होतात, हे प्रत्येकीला पटवून द्या. मोज्यांनी फोनला, पैशांना, चेहऱ्याला हात लागला की मोजा बदलायचा. नाहीतरी दर तासाला बदलायचाच आणि बदलताना हात साबणाने २० सेकंद धुवायचे. ज्या बाईच्या हाताला जखम आहे तिला त्या दिवशी वळायला बसवू नका. पाकिटं भरणं, वजन, हिशेब ही कामं द्या आणि तिची मजुरी कापू नका. मजुरी कापली जाणार असेल तर जखम लपवली जाते.

भाजलेला खवा वळायला घेण्याआधी तासन् तास कोमट पडू देऊ नका. पसरून निववा, वळून झालेले पेढे दोन तासांच्या आत गार जागी ठेवा. साताऱ्याचा कंदी पेढा भरपूर भाजून कोरडा केलेला असतो, म्हणून तो बाहेर जास्त टिकतो. मऊ, ओलसर पेढ्याला त्याचा नियम लावता येत नाही. मऊ पेढा ५ अंशांखालीच ठेवा आणि पाकिटावर तसं ठळक छापा.

प्रश्न: कॉलेजच्या कँटीनसाठी टँकरचं पाणी २००० लिटरच्या टाकीत घेतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने टाकतो. प्रमाण काय असावं? पाणीपुरीचं पाणी आणि बर्फ याबद्दलही सांगा. (कँटीनचालक, छत्रपती संभाजीनगर)

ताज्या, चांगल्या टीसीएल पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. स्वच्छ दिसणाऱ्या १००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला ५ ग्रॅम लागेल. अंदाज नको, सोनाराकडे असतो तसा लहान डिजिटल काटा घ्या. पावडर थेट टाकीत फेकू नका. मगभर पाण्यात कालवून लगदा करा, मग बादलीभर पाण्यात ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास पाणी वापरू नका. क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतोच.

पुरेसं झालं का ते ओटी टेस्टने पाहा. ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी हीच चाचणी करतात. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो आणि तो पट्टीशी ताडून पाहायचा असतो. टाकीत लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. रंग आलाच नाही तर एक तर पावडर जुनी आहे (उघड्या पिशवीतलं क्लोरीन उडून जातं), नाहीतर पाणी गढूळ आहे. गाळ आणि शेवाळ क्लोरीन खाऊन टाकतात. अशा पाण्याला आधी तुरटी फिरवून ते निवळू द्या, टाकी महिन्यातून एकदा घासा.

पाणीपुरीचं पाणी चिंचेने आंबट असतं म्हणून त्यात जंतू मरतात, यावर विसंबू नका. आंबटपणाने काहींची वाढ मंदावते एवढंच. खरा धोका कच्च्या पुदिना-कोथिंबिरीचा आणि पाण्यात बुडणाऱ्या हाताचा. पाला आधी साध्या पाण्यात माती जाईपर्यंत धुवा. मग ५ टक्क्यांचं खाद्यवापरासाठीचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरभर पाण्यात १ मिलिलिटर या प्रमाणात घाला, म्हणजे ५० पीपीएमचं (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) द्रावण होतं. त्यात पाला पाच मिनिटं ठेवा आणि पिण्याच्या पाण्याने पुन्हा धुवा. सुगंध किंवा साबण असलेलं घरगुती ब्लीच इथे चालत नाही. तयार पाणी नळ असलेल्या स्टीलच्या पिंपात ठेवा म्हणजे हात बुडणार नाही.

गोठल्याने जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग घालणं बंधनकारक आहे. पण पांढरी लादी दिसली म्हणजे ती खाण्याजोगी, असा उलटा अर्थ काढू नका. बिल आणि परवाना पाहूनच घ्या.

प्रश्न: मी रोज १५० किलो पनीर करतो. दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल घेतो. त्यात साल्मोनेला (आजारी पाडणारा एक जिवाणू) "२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित" असंच येतं. मोठे ग्राहक तरी जोखमीचं मूल्यमापन मागतात. अहवाल पुरेसा का नाही? (पनीर उत्पादक, नाशिक जिल्हा)

अहवाल खरा आहे, पण तो त्या २५ ग्रॅमपुरता. समजा तुमच्या शंभरातल्या एका पाकिटात जंतू आहेत. तुम्ही पाच पाकिटं तपासलीत तर दोष निसटण्याची शक्यता ९५ टक्के आहे. साठ पाकिटं तपासलीत तरी ती जवळपास ५५ टक्के राहते. तपासून तपासून माल सुरक्षित करायचा म्हटलं तर विकायला काही उरणार नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात अंतराळवीरांचं अन्न तयार करताना पिल्सबरी कंपनी, नासा आणि नेटिकची लष्करी प्रयोगशाळा यांच्यासमोर हाच पेच होता. त्यातून तयार मालाऐवजी प्रक्रियेतल्या नेमक्या जागांवर पहारा ठेवणारी हॅसेप पद्धत निघाली. आज तुमचे ग्राहक मागतात ती हीच.

मूल्यमापनाचे टप्पे चार: कोणता जंतू, तो किती प्रमाणात आणि कोणाला आजारी पाडतो, खाणाऱ्याच्या ताटात तो किती पोचतो आणि या सगळ्यांतून धोका किती. कागदावर हे जड वाटतं. पनीरच्या वाटेवर चालून पाहिलं की सोपं होतं.

दूध तुम्ही ८० अंशांच्या वर नेता. तिथे साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय असे सगळे जिवाणू मरतात. म्हणजे तयार पनीरमध्ये ते सापडले तर दोनच अर्थ: दूध सगळीकडे तेवढं तापलं नाही किंवा जंतू नंतर आले. नंतर येण्याच्या जागा मोजा. गाळायचं मलमलचं फडकं, दाबायच्या फळ्या, गार पाण्याची टाकी, सुरी, ओटा, हात. यात आम्ही सर्वांत वर गार पाण्याची टाकी ठेवू. दाबलेले गरम ठोकळे तुम्ही दोन-तीन तास तिच्यात बुडवता. पाणी बोअरचं, क्लोरीनशिवायचं आणि दिवसभर तेच असेल, तर एका ठोकळ्यावरचा जंतू संध्याकाळपर्यंत सगळ्यांना लागतो. पनीर ओलं असतं आणि फारसं आंबट नसतं, त्यामुळे त्याला वाढायला काही आडकाठी नाही.

लिस्टेरियाचा विचार वेगळा करा. तो फ्रीजच्या तापमानालाही हळूहळू वाढतो आणि मोरी, गळका पाइप, ओला पोछा, शीतगृहाच्या दाराचं रबर अशा ओलसर कोपऱ्यांत महिनोन्‌महिने राहतो. निरोगी तरुणाला त्याचा त्रास क्वचित होतो, पण गरोदर बाईचा गर्भ त्याने दगावू शकतो. आजार विरळ पण परिणाम भयंकर, म्हणून त्याला वरची जागा द्यायची. त्या जागी जंतू असण्याची शक्यता आणि त्याचा परिणाम दोन्हींना एक ते तीन गुण द्या, गुणाकार करा आणि सहा किंवा त्याहून जास्त गुणांच्या जागांवर आधी पैसा खर्च करा.

तुमच्यासाठी व्यवहारात ते असं होईल: प्रत्येक घाण्याच्या दुधाचं तापमान आणि वेळ लिहायची आणि ठरलेल्या आकड्याखाली गेलं तर तो घाणा पुन्हा तापवायचा. गार पाणी ५ अंशांखाली, क्लोरीन घातलेलं आणि प्रत्येक घाण्याला बदललेलं. फडकी रोज दहा मिनिटं उकळून उन्हात वाळवायची. कच्च्या दुधाकडचा माणूस कापायच्या खोलीत जाणार नाही. आणि प्रयोगशाळेचा थोडा खर्च तयार मालावरून काढून मोरी, ओटा आणि टाकीच्या नमुन्यांवर वळवा. जंतू असेल तर तो आधी तिथे सापडतो.

प्रश्न: थर्मामीटर कोणता घ्यावा? (भोजनालयचालक, कोल्हापूर)

टोकदार दांडीचा डिजिटल. बंदुकीसारखा दुरून मोजणारा फक्त पृष्ठभाग सांगतो, आतलं सांगत नाही. दांडी पदार्थाच्या सर्वांत जाड भागात, भांड्याच्या तळाला न टेकवता घाला. महिन्यातून एकदा तपासा: कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या काल्यात तो शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात समुद्रकिनारी १०० दाखवेल, पण दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी धरा. पुण्या-कोल्हापुरात ९८ दिसलं तर यंत्र बिघडलेलं नाही. दांडी कच्च्या कोंबडीतून काढून थेट रश्शात घालू नका. मध्ये साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा.

प्रश्न: बांगडा तळून खाल्ल्यावर काही गिऱ्हाइकांचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. ही ॲलर्जी का? (खानावळचालक, मालवण)

एकाच दिवशी अनेकांना होत असेल तर ॲलर्जी नव्हे. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक असतो. मासा उन्हात किंवा बिनबर्फाचा राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात आणि लाली, खाज, डोकेदुखी त्यानेच होते. तळून, उकडून, गोठवून ते जात नाही. मासा पाण्याबाहेर आल्यापासून बर्फात असला पाहिजे: वजनास वजन कुटलेला बर्फ, खाली थर, वर थर आणि मध्ये मासे. लिलावापासून खानावळीपर्यंत बर्फाशिवाय किती वेळ गेला ते विक्रेत्याला विचारा. मासा घरी आणल्यावर बर्फात घातला तरी आधी झालेलं हिस्टामाइन तसंच राहतं.

प्रश्न: मोड आलेली मेथी कच्ची सॅलडमध्ये देतो. मटकीची उसळ आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, मग मोडांना धोकादायक का म्हणतात? (आहार केंद्र चालक, ठाणे)

उसळ शिजवलेली असते. कच्च्या मोडांची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्याच मोडांतून ई. कोलायची एक घातक जात पसरली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. बी इजिप्तमधून आलं होतं. बियांच्या भेगेत बसलेला जंतू धुऊन निघत नाही. मोड आणायला आपण देतो ती ऊब आणि ओल त्यालाही हवीच असते, त्यामुळे दोन दिवसांत तो लाखोंनी वाढतो. मोड वाफवून, आतपर्यंत ७५ अंश होतील असे द्या. चार-पाच मिनिटांची खळखळती वाफ पातळ थराला पुरते आणि कुरकुरीतपणाही बराचसा राहतो. गरोदर बायका, लहान मुलं, वृद्ध आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांच्या ताटात कच्चे मोड देऊच नका.